आधी पाना, मग रंग

१२ जानेवारी, सोमवार

काल सकाळी सुळक्यावरच्या शिडीवरून माझा धाकटा भाऊ पडला. जिवावरचं पायावर निभावलं, असं येणारा-जाणारा म्हणतोय. निभावलं म्हणे. दोन्ही टाचांचा चुरा झालाय. उजव्या पायात आज प्लेट बसवली, डाव्याचं उद्या. डॉक्टर म्हणाला, "सहा महिन्यांनी काठी घेऊन चालतील, पण डोंगर आता फोटोतच बघायचे." आणि वर हसला. ज्या माणसाने सोळाव्या वर्षापासून एक रविवार घरात काढला नाही त्याच्याबद्दल हे हसत सांगायचं. मी विचारलं, तुम्ही हसताय कशाला? तो निघून गेला.

घडलं ते असं. धाकटा आमच्या गिर्यारोहण क्लबचे नऊ नवे सभासद घेऊन सुळका चढत होता. मधल्या भिंतीला बावीस पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. बाकीच्यांना खाली थांबवून तो पहिला चढला. अठराव्या पायरीवर पोचला तेव्हा वरची डावी पकड खडकापासून सुटली, शिडी एका अंगाला फिरली आणि तो पंधरा फूट खाली कट्ट्यावर आला, सरळ पायांवर. नऊ जण बघत उभे होते.

शिडी माझी आहे. म्हणजे क्लबची, पण आराखडा माझा, आणि वेल्डिंग अकरा वर्षांपूर्वी आमच्या कागद कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये माझ्या नजरेसमोर झालेलं. चार पकडी, प्रत्येकीला दोन नट, एकूण आठ. दर डिसेंबरला मी स्वतः आठही नट बघते. पाच आठवड्यांपूर्वीच बघितले. तेव्हा शिडीत दोष आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्या तोंडावर येऊन म्हणावं.

हॉस्पिटलने त्याच्या वस्तूंची पिशवी माझ्या हातात दिली. कापलेली पँट, रुमाल, चाकू, आणि मागच्या खिशातून निघालेला, जबडा कमी-जास्त करता येणारा एक छोटा पाना. नऊ नवशिके घेऊन डोंगरावर जाताना याला पाना कशाला हवा होता, देव जाणे.

१४ जानेवारी, बुधवार

क्लबची बैठक. आमचा सेक्रेटरी बारा महिने गळ्यात मफलर घालतो, म्हणून त्याचं नावच मफलर पडलंय. मफलर म्हणाला, "बाहेरचा तज्ज्ञ बोलावू या. तुमच्यावर अविश्वास नाही, पण..."

हा 'पण' मी बत्तीस वर्षं ऐकतेय. कारखान्याच्या देखभाल विभागात पहिली बाई इंजिनियर म्हणून रुजू झाले त्या दिवशीही एका वाक्याच्या शेवटी तोच बसला होता.

मी सगळ्यांना पहिलीतल्या पोरांसारखं समजावून सांगितलं. नट आवळून झाला की नटावरून खालच्या पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ ओढतात. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, लांबूनसुद्धा. आमच्याकडे यंत्रांच्या हजारो नटांवर अशा रेघा आहेत. वर्कशॉपच्या दारावर मी हातभर अक्षरांत लिहून घेतलंय: आधी पाना, मग रंग. कारण रंग फक्त साक्षीदार असतो, तो नट धरून ठेवत नाही. शिडीवरच्या जुन्या पिवळ्या रेघा उडत चालल्या होत्या म्हणून डिसेंबरात मी आठही नटांवर लाल रंगाच्या ताज्या, जाड रेघा ओढल्या. अजून चकाकतायत म्हणे.

"मग सुटली कशी?" मफलरने विचारलं.

याला काय उत्तर देणार? एका वेळी तीन-तीन जण चढवायचे, शिडीवर लटकून फोटो काढायचे आणि मग लोखंडाला जाब विचारायचा. नाचता येईना अंगण वाकडं. तपासणीचं रजिस्टर मागितलं त्यांनी. घरी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, काढून देईन म्हटलं.

१७ जानेवारी, शनिवार

केस कापून आले. मानेच्याही वर. नवरोबा बघतच राहिले. "तीस वर्षांचा अंबाडा होता अगं, सांगायचं तरी." केस माझे, डोकं माझं. रोज सकाळी हात वर करून त्यात पंधरा मिनिटं कुणी घालवायची? मग, काही संबंध नसताना, ते म्हणाले, "खांद्याला तेल गरम करून देऊ का?" मी म्हटलं, तेल नको, गादी बदला. या गादीमुळे अंग आखडतं. "वर्षात ही तिसरी गादी," असं काहीतरी पुटपुटत ते बाल्कनीत गेले.

भावजयीचा फोन. "ताई, भेटायला याल तेव्हा रागावून येऊ नका हो. ते अशक्त झालेत फार." मी कधी रागावते? या घराण्यात सरळ बोललं की त्याला राग म्हणतात.

२० जानेवारी, मंगळवार

बाहेरचा तज्ज्ञ आला. आली. आणि कोण, तर माझ्याच हाताखाली नऊ वर्षांपूर्वी सहा महिने काम केलेली शिकाऊ. तेव्हा तिला नट डावीकडे सुटतो की उजवीकडे हे विचार करून सांगावं लागायचं. आता ती रोपवे आणि जत्रेतल्या पाळण्यांची तपासणी करते आणि तिच्या सहीशिवाय एक चाक फिरत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली.

बोलली मात्र अदबीने. "मॅडम, डिसेंबरात पाना कुठला वापरलात?"

"टिकटिक्या." म्हणजे आमचा ठरावीक जोराचा लांब पाना. नट पुरेसा आवळला की तो 'टक' असा मोठा आवाज करतो. कामगारांनी त्याला ठेवलेलं नाव.

"जुन्या रेघांवरच रंग दिलात, की खरवडून?"

"तू मला शिकवणार?"

"नाही मॅडम. तुम्हीच शिकवलंय, आधी पाना मग रंग, म्हणून विचारतेय." आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. गुरूची विद्या गुरूला, ती पण वहीत टिपून.

ती चार फेब्रुवारीला वर जाऊन राहिलेले नट उघडणार आहे. तोपर्यंत रजिस्टर द्या म्हणाली. विसरले म्हटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. पाना. त्याच्या खिशातला.

शिडीला हात लावायचा अधिकार फक्त माझा आहे, हे त्याला अकरा वर्षं माहीत आहे. तरी हा पाना घेऊन वर गेला. याला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. माझं पहिलं घड्याळ उघडलं होतं, ते पुन्हा कधी चाललं नाही. वर जाऊन यानेच नटांशी काहीतरी खेळ केला असणार, उलट्या बाजूला फिरवला असणार. त्याशिवाय मी बघितलेला नट सुटतोच कसा?

मफलरला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "अहो पण, सख्खा भाऊ आहे तुमचा." म्हटलं, म्हणून तर सांगतेय, दुसरा कुणी सांगणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण खरं ते खरं.

२७ जानेवारी, मंगळवार

धाकट्याने कबूल केलं. मफलर घरी जाऊन विचारून आला. 'वरचे नट तपासायला गेलो, चुकून सैल केले, ताईचा काही संबंध नाही,' असं स्वतःच्या हाताने लिहून सही करून दिलं. आता क्लबच्या यादीतून त्याचं नाव कमी करणार, आणि नऊ जणांच्या घरी माफीचं पत्र त्याच्या सहीने जाणार. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या सात सभासदांत होता तो.

म्हणजे माझं बरोबर होतं. मग आज मी कॅन्टीनमध्ये त्या बिचाऱ्या वाढप्यावर एवढी का ओरडले, कळत नाही. त्याने फक्त ट्रे वरच्या कप्प्यात ठेवा म्हटलं होतं.

शिकाऊचा फोन आला. "जबाब वाचला मॅडम. तरी मी चार तारखेला जाणार. वरचे दोन नट त्यांनी सैल केले म्हणतात, पण मला बाकीचे सहा बघायचेत. तुम्ही सोबत आलात तर बरं." हिला कबुलीजबाब मिळूनही समाधान नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याकडे गेले. पलंगावर, दोन्ही पाय उशांवर. भावजय पाणी ठेवून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मी उभ्यानेच विचारलं, "नट तू सैल केलेस?"

"लिहून दिलंय की."

"काय लिहून दिलंस ते विचारत नाहीये."

तो पायांकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, डिसेंबरात मी खाली कट्ट्यावर बसलो होतो. टिकटिक्याचा आवाज खाली छान येतो. मी दर वर्षी मोजतो. आठ. या वेळी एकही आला नाही."

"वारा होता."

"वारा नव्हता."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? तेव्हाच का नाही बोललास?"

"तू उतरलीस तेव्हा हात पोटाशी धरला होतास. चेहरा पांढराफटक. म्हटलं आत्ता विचारलं तर ही मला कच्चा खाईल. मग म्हटलं, घरी गेल्यावर विचारू. मग म्हटलं, विचारायचंच कशाला, आपणच गुपचूप जाऊन आवळून येऊ. पोरांना खाली थांबवलं आणि पाना घेऊन पुढे गेलो. वर बाजूला वाकलो, आणि गेलंच ते."

"आणि मग हा जबाब?"

"तू मफलरला सांगितलंस ना, मी सैल केले म्हणून. आता मी काय, ताई खोटं बोलते म्हणून सांगू? माझे डोंगर तसेही संपले. तुझी अजून तीन वर्षं नोकरी आहे, नाव आहे. दोघांचं कशाला घालवायचं?"

माझ्यावर तुझ्या उपकारांवर जगायची वेळ आलेली नाही, असं म्हणून मी निघाले. दार जोरात आपटलं. जिन्यात लक्षात आलं, डाव्या हाताने आपटलं.

वारा होता. मला चांगलं आठवतंय.

२ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले. वर्कशॉपच्या दारावरची पाटी काढून ठेवायला सांगितली, अक्षरं मळली आहेत म्हणून. फोरमन म्हणाला, "परवाच पुसली मॅडम." म्हटलं, राहू दे मग.

४ फेब्रुवारी, बुधवार

रजा घेऊन शिकाऊबरोबर सुळक्यावर गेले. पहिल्यांदाच ती वाट मला लांब वाटली. कट्ट्यावर पोचलो. ज्या दगडावर दर वर्षी धाकटा बसतो त्यावर मी पिशवी ठेवली आणि लगेच उचलली.

शिकाऊने खालच्या पकडीपासून सुरुवात केली. आठ नंबरचा नट, कमरेइतक्या उंचीवर. लाल रेघ नटावरून पट्टीवर एकदम सरळ, कुठे तुटलेली नाही. तिने टिकटिक्या लावला आणि ओढला. नट फिरला. पुन्हा फिरला. दीड फेरे झाल्यावर 'टक' आला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त वहीत आकडा लिहिला. सात नंबरला एक फेरा. माझी लाल रेघ सरळच्या सरळ, आणि खाली नट मोकळा.

मग मी नखाने सात नंबरवरचा लाल रंग खरवडला. शेजारची पट्टीही खरवडली. खाली जुनी पिवळी रेघ होती, दोन तुकड्यांत. नटावरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा अर्धं बोट सरकून दुसरीकडे. नट फिरल्याची साक्ष देत होती ती, आणि मी तिच्यावर लाल रंग फासला होता.

आता लिहायचंच तर नीट लिहिते, ही वही दुसरं कुणी वाचत नाही. मला ती दिसली होती. डिसेंबरात, वरच्या पकडीपाशी, एक नंबरवर. मागच्या वर्षी माझ्याकडूनच रेघ वाकडी ओढली गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. टिकटिक्या काढला, उजवा हात वर नेला आणि खांद्यात अशी कळ आली की शिडी सोडून पडले असते. वर्षभर हा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरकडे गेले नाही, कारण तो डोंगर बंद म्हणाला असता. दोनदा प्रयत्न केला. मग पाना पिशवीत टाकला आणि डाव्या हातात ब्रश घेतला. नट हाताने हलवून बघितले, हलले नाहीत, म्हटलं पुरे.

आणि सर्वांत नीच गोष्ट पुढची आहे. खालचे चार नट मला सहज आवळता आले असते, कमरेशीच आहेत. आवळले नाहीत. चार टक ऐकू आले असते तर धाकट्याने बाकीचे चार कुठे गेले म्हणून विचारलं असतं. एकही आला नाही तर माणसाला वाटतं, आपलंच लक्ष नव्हतं. एवढा हिशोब मी शिडीवर लटकून केला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना कामचोर म्हणत आले.

त्याने विचारलं होतं, "ताई, झालं का?" मी म्हटलं, झालं.

उतरताना शिकाऊ म्हणाली, "मॅडम, मी सातव्या नटाचा फोटो अजून काढलेला नाही. रजिस्टर बघितल्यावर काढीन." म्हणजे काय, ते मला कळलं. हीसुद्धा मला सांभाळून घेतेय. सगळे मला सांभाळतायत, आणि मी सगळ्यांवर ओरडतेय. तिला म्हटलं, मागे फिर आणि आत्ता काढ. ती म्हणाली, "चिडू नका ना." म्हटलं, तुझ्यावर नाही चिडले, चल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी कपाटापुढे उभी राहिले. रजिस्टर वरच्या फळीवर. स्टूल घ्यावं असं मनात आलं. मग नवऱ्याला हाक मारली.

"ते रजिस्टर काढून द्या. माझा हात वर जात नाही."

वर्षभरात हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्यांनी रजिस्टर काढलं, धूळ पुसली, माझ्यासमोर ठेवलं. "माहीत आहे मला," एवढंच म्हणाले. मग विचारलं मी, माहीत होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, "मागे एकदा डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा तू..." आणि थांबले. "जाऊ दे. तेल आणतो."

डिसेंबरचं पान. 'पाना' या रकान्यात आठ बरोबरच्या खुणा, माझ्या हातच्या, सुवाच्य. घरी येऊन जेवल्यावर टेबलाशी बसून केल्या होत्या. आठही खोडल्या. प्रत्येक खाडाखोडीपुढे सही केली. खाली लिहिलं: 'पाना लावला नाही. फक्त रंग दिला. नट सरकलेला दिसला होता. तपासणी करणारी मी एकटी. भावाचा जबाब खोटा आहे, तो मला वाचवण्यासाठी दिलेला आहे.' हे पान उद्या शिकाऊला, एक प्रत मफलरला, आणि नऊ घरांना जाणारं पत्र माझ्या सहीने.

भावजयीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, पाय तर परत येत नाहीत ना." मग म्हणाली, "रविवारी या." पहिलं वाक्य मला हवं होतं. दुसऱ्याचा जास्त त्रास झाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

क्लबने तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ठीक केलं. त्या बैठकीत मफलर म्हणाला, "तुमची इतकी वर्षांची सेवा, पण..." या वेळचा 'पण' मी ऐकून घेतला. धाकट्याचं नाव यादीत परत लागलं. माझं काय करायचं ते मार्चमध्ये ठरवतील.

आज शिकाऊने शिडी नव्या नटांवर बसवली. मी सोबत गेले, चढले नाही. कट्ट्यावर, धाकट्याच्या दगडावर बसले. फोन लावून त्याला म्हटलं, बोलू नकोस, ऐक. आणि फोन स्पीकरवर टाकून डाव्या हाताने वर धरला.

टक. बराच वेळ काही नाही. टक. वरून शिकाऊ एकेका नटाशी वेळ घेत होती, तसाच घ्यायचा असतो. मीही मोजत होते, तोही मोजत असणार. मग ती वरून ओरडली, "झालं मॅडम, येते खाली."

फोनमधून धाकटा हळूच म्हणाला, "ताई, सातच झाले."

"माहीत आहे, थांब." मी वर बघून ओरडले, "एक राहिला. उतरू नकोस."

वरून पिशवी उघडल्याचा आवाज आला. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. मग आठवा टक आला आणि मी फोन खाली घेतला.